खापरपणजीचा माग : एकोणिसाव्या शतकातल्या घरच्या बाईचे आयुष्य कसे शोधावे

घरातली वंशावळ उघडली की वरपासून खालपर्यंत बाप, मुलगा, नातू अशी उतरण दिसते. बायका असल्याच तर नवऱ्याच्या नावाशेजारी कंसात, आणि तिथेही बहुधा एकच शब्द: लक्ष्मीबाई, पार्वतीबाई, सरस्वतीबाई. माहेर नाही, जन्म नाही, मृत्यू नाही. मुलींच्या जागी अनेकदा नुसते 'कन्या 3' लिहिलेले असते. एकोणिसाव्या शतकातल्या पणजी-खापरपणजीचा शोध घ्यायचा तो या एका शब्दापासून.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवली तर पुढची पुष्कळ पायपीट वाचते. तिच्या नावाने शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. नवरा कर्ता होता तोवर सगळे कागद त्याच्या नावावर झाले. तो वारला, मुलगा अज्ञान (वयात न आलेला) राहिला, दत्तक घ्यावा लागला, दिराशी पोटगीवरून वाद झाला, की ती एकदम कागदावर येते. सुखाने नांदून सवाष्ण गेलेल्या बाईपेक्षा तरुणपणी विधवा झालेल्या बाईचे दप्तर मोठे असते. हे वाईट आहे, पण शोधणाऱ्याने धरायचा धागा हाच. त्यामुळे नवऱ्याचा, थोरल्या मुलाचा आणि भावाचा मृत्यू केव्हा झाला हे आधी ठरवा. तिची पावले बहुतेक त्या वर्षांच्या आसपास सापडतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचे

'तिचे नाव काय होते?' हा प्रश्न सगळ्यात कमी कामाचा. अनेक घरांत लग्नात नाव बदलत, शिवाय घरात तिला जिजी, माई, काकू असेच कोणी ना कोणी म्हणत असे. म्हणजे एकाच बाईची तीन नावे आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी. त्याऐवजी असे विचारा: तिच्या नावाने पान कोणत्या तिथीला वाढतात? मुलांच्या मुंजीत किंवा लग्नात मामाकडचे आहेर कोणत्या गावाहून यायचे? बाळंतपणाला ती कुठे जायची? तिच्या कोणत्या भावाशी बोलणे बंद झाले होते, आणि का? भांडणे माणसे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात, आणि भांडणात बहुधा गावाचे नाव असते.

तिथीचा प्रश्न दोन गोष्टी देतो. मृत्यूचा महिना आणि पक्ष तर कळतोच. पण पितृपक्षात तिचे पान अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला होत असेल तर ती नवऱ्याआधी गेली. ही एक ओळ मिळाली की अर्धी कागदपत्रे शोधायची गरजच उरत नाही. ती विधवा नव्हती, तेव्हा तिच्या नावे वारसनोंद असणार नाही.

माझा अनुभव असा, की आठवणी मुलांच्या वंशजांपेक्षा लेकींच्या वंशजांकडे जास्त टिकतात. घर, जमीन, देव मुलांकडे गेले. गोष्टी लेकींबरोबर गेल्या. म्हणून वंशावळीतल्या त्या 'कन्या 3' कुठे दिल्या होत्या ते शोधून त्यांच्या घरच्यांना गाठा. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण परवानगी विचारून. आणि ऐकलेले लगेच वहीत उतरवताना कोण सांगते आहे, त्यांनी ते कोणाकडून ऐकले, हेही लिहा. 'आजीने स्वतः पाहिले' आणि 'असे म्हणतात' यांचे वजन सारखे नसते.

पत्रिका, पितरांची यादी, भांडी

कपाटात, माळ्यावर, देवघराच्या खणात जे असेल ते बाहेर काढा. काही कागद वरून तिच्याशी संबंध नसलेले दिसतात आणि तेच सगळ्यात बोलके निघतात.

मुलाची जन्मपत्रिका त्यातली पहिली. मुलींच्या पत्रिका कमी सापडतात, पण मुलाच्या जुन्या पत्रिकेत मजकुराचा साचा ठरलेला असे: शके, संवत्सराचे नाव, महिना, तिथी, वार, नक्षत्र, मग बापाचे नाव, त्याच्या भार्येचे नाव आणि 'दक्षिणकुक्षौ' अमुक पुत्र झाला. तिथे 'द्वितीय', 'तृतीय' असा क्रम दिला असेल तर घरात कोणालाच माहीत नसलेली, लहानपणी गेलेली मुले एकदम उजेडात येतात. मुलीच्या पत्रिकेत 'वामकुक्षौ' असते.

दुसरी, पितरांची यादी. महालय, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, करणाऱ्या घरांत कर्त्या पुरुषाने किंवा उपाध्यायांनी ती लिहून ठेवलेली असते आणि ती कोणी फारशी मनावर घेत नाही. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही नाव-गोत्रासह उच्चार होतो. आई वसुरूपा, आजी रुद्ररूपा, पणजी आदित्यरूपा. बायकांच्या नावापुढे 'दा' जोडतात, ते नावाचा भाग समजू नका. महत्त्वाचे पुढेच आहे: मातामह, म्हणजे आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, आणि त्यांच्या बायका, हेही त्याच यादीत येतात. तेव्हा तुमच्या खापरपणजीच्या मुलाने लिहिलेली यादी सापडली तर तिच्या माहेरच्या तीन पिढ्या, गोत्रासकट, तुमच्या हातात आल्या. कुटुंबात कितीही शोधून न सापडलेले माहेर इथे सापडते. सापत्नमाता, म्हणजे सावत्र आई, असा शब्द दिसला तर तिथे थांबा; त्याबद्दल पुढे सांगतो.

मग लग्नाच्या याद्या, आहेराच्या याद्या, आणि खर्चाची कीर्द. कीर्दीत बायकांची नावे क्वचितच असतात, पण डोहाळजेवण, बारसे, लुगडी, सुईण, तेराव्याचा खर्च असे पडलेले असतात. एखाद्या वर्षी सुईणीला दिलेले पैसे आहेत आणि बारशाचा खर्च नाही, तर काय घडले असेल याचा अंदाज येतो. अंदाजच, तसा तो लिहावा.

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घातलेली नावे वाचा, विशेषतः बुडाची आणि काठाखालची. माहेरून आलेल्या भांड्यावर माहेरचे आडनाव किंवा देणाऱ्याचे नाव असू शकते. देवघरात चांदीचा टाक (प्रतिमा उठवलेला पत्रा) असेल आणि तो कोणत्या देवाचा ते कोणाला सांगता येत नसेल, तर तो घरातल्या वारलेल्या माणसाचा असू शकतो. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक वागवायचा, ही चाल बऱ्याच घरांत होती.

पत्रांतले मायने नीट वाचा. 'सौ.' म्हटले की पत्राच्या तारखेला नवरा हयात. 'गंगाभागीरथी' किंवा 'गं. भा.' आले की तो गेलेला. सौ. लिहिलेले शेवटचे पत्र आणि गं. भा. लिहिलेले पहिले पत्र यांच्यामध्ये नवऱ्याच्या मृत्यूची तारीख आहे. 'चि. सौ. कां.' लग्नाच्या मुलीला.

तारखा जुळवणे

इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

शक चैत्रात सुरू होतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून पुढे पडणाऱ्या तिथींना, म्हणजे साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुन अखेरपर्यंत, 79 मिळवावे लागतात. शके 1800 चा वैशाख 1878 मधला, पण त्याच शकाचा माघ 1879 मधला. महसुली कागदांत फसली सन येतो. दख्खनी फसलीत 590 मिळवायचे, आणि तो जूनच्या सुमाराला, मृगाबरोबर बदलतो. वर्षाच्या उत्तरार्धासाठी, जानेवारीपासून पुढे, 591. जुन्या मोडी कागदांत सुहूर सन असतो, तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि फसलीपेक्षा नऊने मागे चालतो. त्यात 599 किंवा 600 मिळवावे लागतात.

संवत्सराचे नाव हा फुकटचा पडताळा आहे. साठ नावांचे चक्र आहे. महाराष्ट्रातल्या गणनेने शके 1789 ला प्रभव होता, म्हणून शके 1798 धाता आणि शके 1800 बहुधान्य. पत्रिकेत 'शके 1798' आणि 'बहुधान्य' असे एकत्र असेल तर कुठेतरी नक्कल करणाऱ्याची चूक आहे. उलट आकडा फाटला असून फक्त 'धातानाम संवत्सरे' उरले असेल, तर 1876-77 किंवा त्याआधीचे 1816-17. यातले कोणते ते मुलांच्या वयांवरून लगेच ठरते.

वर्ष नाही पण तिथी आणि वार दोन्ही आहेत, असेही होते. अशा वेळी संशयाच्या दहा-बारा वर्षांत त्या तिथीला कोणता वार होता ते जुन्या जंत्रीतून किंवा पंचांग काढणाऱ्या संगणक-आज्ञावलीतून पाहा. सात वारांपैकी एकच जुळायचा असल्याने साधारणपणे एक-दोन वर्षेच शिल्लक राहतात.

आणखी एक खाचखळगा. काशी, प्रयाग, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षाला फरक पडत नाही. पण आपला भाद्रपद वद्य म्हणजे त्यांचा आश्विन बदी. शिवाय तिथे शकाऐवजी विक्रम संवत असतो. त्यातून 57 वजा करायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 56.

जन्मवर्षाचा अंदाज असा बांधतात. समजा, शके 1798 च्या पत्रिकेत मुलगा 'तृतीय' म्हटला आहे. म्हणजे 1876 पर्यंत तिला किमान तीन बाळंतपणे झाली होती, मधल्या मुली वेगळ्या. पहिले मूल 1870 च्या मागेपुढे, आणि पहिलटकरीण पंधरा-सोळाची धरली तर तिचा जन्म 1855 च्या आसपास येतो. ज्या घरांत मुलींची लग्ने आठ-दहाव्या वर्षी होत, तिथे लग्न 1864-65 च्या सुमाराचे. वहीत मात्र '1855' लिहू नका. '1850 ते 1858, मुलाच्या पत्रिकेवरून' असे लिहा. एकदा नेमका आकडा लिहिला की दोन पिढ्यांनी तो खरा मानला जातो.

ती सरकारी कागदावर येते तेव्हा

1872 किंवा 1881 च्या खानेसुमारीत घरातल्या माणसांची नावे मिळतील, या आशेवर राहू नका. आकडे छापले गेले. घरोघरच्या याद्या जपलेल्या नाहीत. 1886 चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा ऐच्छिक होता. गावपातळीवर मात्र जन्म-मृत्यूची नोंदवही असे: गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव असते, आईचे असेलच असे नाही. मृत्यूच्या नोंदीत बाईचे वय आणि रोग मिळू शकतो. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधताना तहसिलींच्या अभिलेख कक्षांतल्या अशा कितीतरी वह्या बाहेर आल्या आणि अनेक जिल्ह्यांनी त्यांच्या प्रती संकेतस्थळांवर टाकल्या. जातीचा दाखला नको असलेल्यांनीही त्या जरूर चाळाव्यात.

जमिनीच्या कागदांचे तसेच. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली. 1855 ला जन्मलेली बाई तेव्हा पन्नाशीच्या घरात असणार, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली बाई विसाव्या शतकाच्या पहिल्या फेरफारांत, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदींत, भेटते. 'अमुक मयत, वारस बायको तमुक' अशी ती नोंद असते. मुलगा लहान असेल तर त्याच्या नावापुढे 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि मग आईचे नाव. आजच्या सातबाऱ्यावर काही दिसणार नाही. त्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जायचे. डिजिटल झालेले जुने उतारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बघा, बाकीच्यांसाठी तहसील कार्यालयात नक्कल मागणीचा अर्ज. अर्जात गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि शक्य तितका काळ लिहा. 'आमच्या पूर्वजांचे सर्व कागद द्यावेत' असे लिहिलेला अर्ज तसाच परत येतो.

काही विधवा खातेदार म्हणून दिसतात आणि काहींच्या वाट्याला नुसती पोटगी येते. कारण कायद्यात आहे. निपुत्रिक नवरा विभक्त असेल तर विधवेकडे त्याची मिळकत येई, तीही हयातीपुरती; एकत्र कुटुंबात असेल तर तिला अन्नवस्त्रावर भागवावे लागे. ही स्थिती 1937 च्या कायद्यापर्यंत होती. म्हणून नवऱ्याच्या मृत्यूआधी भाऊवाटणी झाली होती की नाही, हे पाहिल्याशिवाय तिचा शोध पुढे सरकत नाही. मुंबई इलाख्यात विभक्त नवऱ्याच्या विधवेला त्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि भाऊबंद त्यावर हरकत घेत. त्या हरकतीमुळेच दत्तकपत्र, जबाब, दावे असा ऐवज साठतो.

दस्तनोंदणीचे कायदे 1860 च्या दशकापासूनचे आहेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची 1 माणसांच्या नावांची, सूची 2 मिळकतींची. बाईसाठी दोन्ही चाळाव्या लागतात, कारण नावात घोटाळा होतो, मिळकतीत कमी होतो. दस्ताच्या शेवटी तिची सही नसते. 'निशाणी बांगडी' असते, आणि शेजारी ती कोणाच्या हातची ते लिहिलेले असते. साक्षीदारांची नावे उतरवून घ्या. विधवेच्या दस्तावर माहेरचा भाऊ साक्षीला असणे अगदी नेहमीचे.

घराला इनाम किंवा वतन असेल तर पुणे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर, आणि तिथले इनाम कमिशनचे कागद. 1852 च्या कायद्यानंतर इनामदारांना हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या, आणि निपुत्रिक शाखेत विधवेचा हक्क लागला तिथे बायका नावानिशी आल्या. हे बहुतेक मोडीत आहे. मोडीचे वर्ग पुरातत्त्व-अभिलेख क्षेत्रातल्या संस्थांत आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी होतात. नाव, नाते आणि तारीख ओळखण्यापुरती लिपी फार वेळ न घेता येते. पूर्ण मजकूर मात्र जाणकाराकडून वाचून घ्या. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दू-फारसीतही असतील.

तीर्थोपाध्ये आणि हेळवी

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या म्हणजे नामावळ्या. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने किंवा सांगून घरच्यांची नावे लिहिलेली असतात. बायकोच्या अस्थी घेऊन आलेला नवरा, आईला यात्रेला आणणारा मुलगा, केस देऊन आलेली विधवा: अशा प्रसंगी नोंदी होतात. जाताना आडनाव, मूळ गाव आणि शक्य तर जुने आडनाव बरोबर ठेवा, कारण वह्या गाव आणि कुळावरून लावलेल्या असतात. आणि तिच्या सासरच्या वहीबरोबरच माहेरच्या गावाचे उपाध्ये कोण ते विचारा. माहेरच्या नामावळीत लेक सापडण्याची शक्यता कमी, पण भावांची नावे जुळली तर माहेर पक्के होते. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रे 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत.

दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगलीकडे वंशावळ सांगणारे हेळवी गावोगाव फिरतात. त्यांच्याकडे पिढीजात वह्या असतात. ते पुरुषांची साखळी सांगतील. तुम्ही मुद्दाम 'सोयरीक कुठली?' असे विचारा.

ख्रिस्ती घरांत चर्चचे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांचे रजिस्टर, मुसलमान घरांत निकाहनामे आणि काझींची दप्तरे. मॉरिशसला गेलेल्या घरांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधले गिरमिट्यांचे, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे, दप्तर. तिथे बायकांचीही स्वतंत्र नोंद आहे, स्वतःच्या क्रमांकासह.

दोघींची एक होऊ देऊ नका

बाळंतपणात बायको गेली की नवरा वर्षाच्या आत दुसरी करून आणायचा. दोघींची मुले एकाच घरात वाढली, सगळ्यांनी दुसरीलाच आई म्हटले, आणि वंशावळीत दोघींची एकच पार्वतीबाई झाली. मुलांच्या वयांत चार-पाच वर्षांची पोकळी, श्राद्धाच्या यादीत सापत्नमाता, दोन वेगळ्या गावचे मामा, अविधवा नवमीला पान आणि तरीही नंतरच्या फेरफारात 'विधवा': यातली दोन लक्षणे जुळली तर दोन बायका धरून पुन्हा सगळी मांडणी करा.

उलट बाजूही आहे. अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे, काही भागांत त्याला मोहतूर म्हणत. मग एकच बाई दोन घरांच्या कागदांत दोन नवऱ्यांच्या नावाने येते, आणि पहिल्या घरातून अचानक गायब होते. 1856 च्या कायद्याने पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे. म्हणून जमिनीच्या वादात 'तिने पाट लावला' असा आरोप सापडतो. तो आरोप आहे हे विसरू नका. करणाऱ्याला जमीन हवी होती.

मांडणी

एका मोठ्या कागदावर वर्षांचा उभा पट्टा आखा. डावीकडे तिच्याबद्दल मिळालेली प्रत्येक नोंद, उजवीकडे त्या गावावर आलेले: 1876 ते 78 चा दुष्काळ, 1896 ला मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेला प्लेग, 1899-1900 चा दुष्काळ. नवरा 1897 ला गेला आणि घर पुण्यात होते, तर प्लेगचा संशय घ्यायला जागा आहे. मृत्यूची नोंद मिळेपर्यंत तो संशयच. दुष्काळात घर रिकामे झाले असेल तर त्या वर्षांत ती माहेरी किंवा मुंबईला सापडेल, आणि शोधायचे गाव बदलेल.

प्रत्येक नोंदीसमोर तीन खूणा पुरतात: कागदावर पाहिले, घरच्यांनी सांगितले, मी काढले. दोन नोंदी भांडत असतील तर दोन्ही राहू द्या. कागदांचे फोटो काढताना पाठची बाजूही घ्या, आणि फाइलला गाव, शक आणि कागदाचा प्रकार असे नाव द्या. पत्ता लागलाच तर एक प्रत माहेरच्या घरी पाठवा. त्यांच्या वंशावळीत ती अजून 'कन्या 3' मधली एक आहे, आणि उरलेल्या दोघींबद्दल त्यांना काही माहीत असू शकते.